विजयदुर्गच्या गाळांतील आरमार



साताऱ्याहून पुण्याच्या रस्त्यास लागलें, कीं थोड्याच वेळांत चंदन आणि वंदन हे जोडकिल्ले दिसूं लागतात. त्यांतला वंदन अधिक उंच. समुद्राचा वाराहि जेथें लागत नाहीं अशा ह्या घाटावरच्या डोंगरावर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत एका दर्यावर्दी पुरुषास बंदींत ठेवलें होतें. तुळाजी आंग्रे हें त्याचें नांव. ज्याची निशाणें दिसतांच मुंबईपासून मलबारपर्यंतचे व्यापारी कप्तान देवाचा धांवा करूं लागत, त्याच्या बंदिवासाच्या ठिकाणांत आमच्या साताऱ्याजवळच्या डोंगराचें नांव यावें, हा दैवाचा विचित्र खेळ म्हटला पाहिजे. माणूस येथें डोंगरावर आला आणि त्याचें आरमार तेथें विजयदुर्गच्या बंदरांत तळाशीं गेलें. माणसाची हकीकत पत्रांतून व बखरींतून पुष्कळशी कळते. आरमाराची मात्र अर्धीच कळते. उरलेली पाण्याखालीं आहे. ती वाचावयाची तर नुसते कागद उलटून भागत नाहीं, बुडी मारावी लागते. त्या बुडीविषयीं आज मी बोलणार आहें.

कृष्णाकांठच्या माणसास आरमाराशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. वाई, कऱ्हाड, सांगली येथलें सारें पाणी पूर्वेकडे जातें. पश्चिमेचा समुद्र आपल्याकडे पाठ करून आहे असेंच आपणांस वाटतें. पण मराठ्यांच्या आरमाराचीं सूत्रें कित्येक वर्षें साताऱ्यांतूनच हलत होतीं. १७०८ सालीं शाहू महाराज साताऱ्यास छत्रपति झाले, त्या वेळीं कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षास होता. पुढें १७१३ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथानें त्यास वळवून शाहू महाराजांकडे आणिलें. तेव्हां महाराजांनीं त्यास सरखेलीचें पद, दहा मोठे किल्ले आणि सोळा लहान ठाणीं दिलीं. साताऱ्याजवळच्या धावडशीस येऊन राहिलेले ब्रह्मेंद्रस्वामी तर आंग्र्यांच्या घराण्याचे गुरुच. चिपळुणाजवळचें परशुरामाचें देवस्थान १७२७ सालीं सिद्दी सातानें उद्ध्वस्त केलें, म्हणून स्वामी कोंकण सोडून घाटावर आले. आणि मग समुद्रावरच्या त्या घराण्यांतील भाऊबंदकीचीं गाऱ्हाणीं धावडशीच्या मठांत येऊं लागलीं. १७२९ सालीं कान्होजी वारला. त्याच्यामागून सेखोजी गेला, आणि मग घर फुटलें: कुलाब्यास मानाजी, विजयदुर्गास संभाजी व त्याच्यामागून तुळाजी. एकाच बापाचे मुलगे, पण एकाचा गलबतांचा तांडा दुसऱ्यावर चालून जाऊं लागला. आपल्याकडे शेताच्या बांधावरून होतें तेंच तेथें लाटांवर झालें.

हें आरमार होतें तरी कसें? चित्रांत आपण जीं उंच, तीन मजली विलायती लढाऊ जहाजें पाहतों तसें तें नव्हतें. त्यांत मुख्य प्रकार दोन, गुराबा आणि गलबतें. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तळ उथळ, आणि पुढचें तोंड लांब व सखल काढलेलें. त्या तोंडावरून पुढें मारा करण्यासाठीं दोन मोठ्या तोफा, आणि कुशीला लहान. साधारणपणें दीडशें ते तीनशें टनांच्या ह्या नावा. गलबतें त्याहून लहान. चाळीस-पन्नास वल्हीं मारून वारा नसतांनाहि हवीं तेथें जाणारीं. वारा पडला, कीं विलायती जहाज तळ्यांतल्या म्हशीसारखें जागच्या जागीं डुलत राही. मग गलबतें गुराबांस ओढीत त्याच्या पिछाडीस आणीत, कारण पिछाडीस त्याच्या तोफा थोड्या. तेथून शिडें व डोलकाठ्या फोडावयाच्या आणि शेवटीं चहूंकडून चढून जावयाचें, अशी ही रीति. विजयदुर्गापासून जवळच वाघोटणच्या खाडींत गिर्ये येथें खडकांत खोदून काढलेली गोदी आहे. तिचें माप सुमारें ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद असें नोंदलेलें आहे. ज्यांनीं ती खोदली त्यांस आपण 'चांचे' म्हणावें असें इंग्रज ग्रंथकारांनीं लिहून ठेविलें आणि शाळेच्या पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या तें घोकलेंहि गेलें. छत्रपतींनीं पद दिलेला, परवाने देणारा आणि परवाना नाकारणाऱ्यास पकडणारा अंमलदार चांचा ठरतो, तर हिंदी समुद्रांत परवान्यांचा धंदा सर्वांच्या आधीं मांडणाऱ्या पोर्तुगीजांस काय म्हणावें, हें त्या ग्रंथकारांनीं सांगितलेलें नाहीं.

१७४९ सालीं शाहू महाराज निवर्तले आणि साताऱ्याची सत्ता पुण्यास गेली. तुळाजी पेशव्यांस जुमानीना. नानासाहेबांनीं इंग्रजांशीं १७५५ च्या मार्चांत करार केला आणि एप्रिलांत कमोडोर जेम्स यानें सुवर्णदुर्ग घेतला. पुढल्या वर्षीं घाव विजयदुर्गावर. इंग्लंडच्या राजाचें आरमार घेऊन आलेला ॲडमिरल वॉटसन त्या वेळीं मुंबईस होता आणि कर्नल क्लाइव्हहि होता. तोच हा पुढल्या वर्षीं प्लासीस गेलेला क्लाइव्ह. १७५६ च्या फेब्रुवारीच्या ७ तारखेस हे लोक मुंबईहून निघाले. तुळाजी तडजोडीच्या आशेनें पेशव्यांच्या छावणींत गेला होता आणि तेथेंच अडकला; किल्ला त्याच्या आप्तांच्या हातीं. १२ तारखेस दुपारीं जहाजें रांग धरून बंदरांत शिरलीं आणि मारा सुरू झाला. आंग्र्यांचीं सारीं जहाजें किल्ल्याच्या आडोशास एकमेकांस बांधून उभीं केलेलीं होतीं. दुपार टळल्यावर एक गरनाळी गोळा 'रिस्टोरेशन' नांवाच्या जहाजांत पडला. हें जहाज मूळचें इंग्रज कंपनीचेंच; तुळाजीनें तें कांहीं वर्षांपूर्वीं जिंकून आणिलें होतें. तें पेटलें, आणि दोरांनीं जखडलेलीं बाकीचीं त्याच्याबरोबर पेटलीं. आग किनाऱ्यावर बांधणीस असलेल्या जहाजास लागली, तेथून कोठारांस. आरमार म्हणून जें कांहीं होतें, तें रात्र पडेपर्यंत जळून गेलें. १३ तारखेस किल्ला पडला. आंत सुमारें अडीचशें तोफा मिळाल्या, आणि दहा लाखांच्या आसपासची लूट इंग्रजांनीं आपसांत वाटून घेतली. पेशव्यांच्या फौजेस आंत येऊं न देण्याची खबरदारी क्लाइव्हनें रातोरात घेतली होती.

ह्या प्रकरणावर घरोघर वाद होतो. 'पेशव्यांनीं मराठ्यांचें आरमार बुडविलें' असें एका दमांत म्हटलें जातें. मला हें म्हणणें निम्मेंच पटतें. तुळाजीनें वाद ओढवून घेतला होता हें खरें. आणि जळालें तें त्याचें आरमार, मराठ्यांचें सगळें नव्हे. त्याच सालच्या ऑक्टोबरांत बाणकोट देऊन पेशव्यांनीं विजयदुर्ग इंग्रजांकडून परत घेतला, तेथें पुन्हा नावा बांधल्या, आणि १७८३ सालीं आनंदराव धुळपानें इंग्रजांची 'रेंजर' समुद्रांत लढून घेतली. परंतु घरचा उंबरा झिजविणाऱ्या भावास वठणीवर आणण्यासाठीं परक्याच्या तोफा आपल्या बंदरांत बोलावणें, आणि त्या तोफांनीं आपलींच जहाजें जळतांना किनाऱ्यावरून पाहणें, ह्या गोष्टीचें समर्थन नानासाहेबांच्या कैवाऱ्यांकडून आजवर मला ऐकावयास मिळालेलें नाहीं.

आतां पाण्याखालीं जाऊं. जळालेलें किंवा बुडालेलें जहाज तळाशीं गेल्यावर त्याचें काय होतें? लांकूड पाण्यांत कुजतें असा सर्वसाधारण समज आहे, पण विहिरीच्या तळाशीं बसविलेलें उंबराचें लांकूड कसें टिकतें तें शेतकऱ्यांस विचारावें. हवा जेथें पोंचत नाहीं तेथें लांकूड शतकेंच्या शतकें राहतें. समुद्रांत त्याचा खरा वैरी निराळाच आहे. त्यास किडा म्हणतात खरा, पण तो शिंपल्याच्या जातीचा प्राणी. दोन इवल्या शिंपा हेंच त्याचें कानस. खाऱ्या, उबदार पाण्यांत तो उघड्या लांकडास पोखरून चाळण करतो. म्हणूनच आमचे कोंकणी तांडेल पावसाळ्यांत आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवीत आणि तळास तेल व राळ फांसत.

उत्तरेच्या थंड समुद्रांत हा वैरी जेथें नाहीं, तेथें काय घडतें तें पाहण्यासारखें आहे. स्वीडनचा राजा गुस्ताव अडोल्फ यानें 'वासा' नांवाचें प्रचंड लढाऊ जहाज बांधविलें. ६४ तोफा, लांबी ६९ मीटर, वर सोनेरी कोरीव सिंह. १६२८ च्या ऑगस्टच्या १० तारखेस तें स्टॉकहोम बंदरांतून पहिल्याच सफरीस निघालें, एक मैलहि गेलें नाहीं तों वाऱ्याच्या झोताबरोबर कललें, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आंत शिरलें आणि राजधानीच्या डोळ्यांदेखत बुडालें. वरचें वजन भारी आणि तळ अरुंद, एवढेंच कारण. १६६० नंतरच्या दशकांत लोकांनीं एक शिशाची घंटा पाण्यांत सोडून, तिच्या पोकळींत अडकलेल्या हवेवर श्वास घेत, त्या गारठ्यांत आणि अंधारांत पन्नासाहून अधिक तोफा वर काढल्या! आपल्याकडे शिवाजी महाराज सिंधुदुर्ग बांधीत होते, तो हा काळ. मग सारे विसरले. १९५६ सालीं आन्देर्स फ्रान्सेन नांवाच्या गृहस्थानें वासाचा ठाव लाविला. त्याचा धंदा इंधनाच्या इंजिनियराचा आणि नाद जुन्या जहाजांचा. त्याचा तर्क साधा होता: बाल्टिक समुद्राचें पाणी फार थोडें खारें, तेव्हां तेथें लांकूड पोखरणारा प्राणी नांदत नाहीं, तेव्हां जुनें जहाज सबंध असलें पाहिजे. जुने कागद चाळून त्यानें जागा अजमाविली आणि स्वतः बनविलेली एक अणकुचीदार नळी दोरीनें तळाशीं सोडीत तो वर्षानुवर्षें हिंडला. शेवटीं त्या नळींत काळा पडलेला ओक लांकडाचा तुकडा आला. त्यानंतर पाणबुड्यांनीं ३२ मीटर खोलीवर, हात डोळ्यांपुढें धरला तर दिसूं नये अशा चिखलांत, पाण्याच्या फवाऱ्यानें जहाजाखालून सहा भुयारें पाडलीं. डोक्यावर कित्येक शेंकडे टन वजनाचें जुनें जहाज, आणि खालीं भुयारांत पोटावर सरपटणारा एक माणूस! १९६१ च्या एप्रिलच्या २४ तारखेस, ३३३ वर्षांनीं, वासा पुन्हा पाण्यावर आलें. आज तें स्टॉकहोमच्या संग्रहालयांत उभें आहे.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचें 'मेरी रोज' १५४५ सालीं पोर्टस्मथपुढें बुडालें. तेथील पाणी खारें. म्हणून जहाजाची जी बाजू गाळावर उघडी राहिली ती नाहींशी झाली, आणि जी गाळांत रुतली ती जशीच्या तशी राहिली. १९८२ च्या ऑक्टोबरांत वर काढलें तें हें निम्मेंच जहाज. थंडीपेक्षांहि गाळ हा मोठा रक्षक, हें मेरी रोजनें दाखवून दिलें. विजयदुर्गचा विचार करतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आमच्या ऊन पाण्यांत बुडालेल्या जहाजाचें काय उरतें, ह्याचें उत्तर गोव्यास मिळालें आहे. दोना पावल येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९६६ सालीं स्थापन झालेली. तेथें लोथल खोदून काढणारे डॉ. एस. आर. राव यांनीं सागरी पुरातत्त्वाचें काम सुरू केलें आणि समुद्रांतील द्वारकेच्या शोधास तेथूनच आरंभ झाला. १९९७ सालीं मुरगांवजवळच्या सुंची नांवाच्या खडकावर हौसेनें बुड्या मारणाऱ्यांस कांहीं जुन्या वस्तु दिसल्याची खबर लागली, आणि संस्थेचे पाणबुडे तेथें उतरले. पाणी अवघें दोन-तीन पुरुष खोल, परंतु लाटांचा मारा आणि गढूळपणा असा, कीं वस्तूच्या अंगावर जाईपर्यंत ती दिसत नाहीं. जहाजाचें लांकूड तेथें कोठेंच नव्हतें. पण लोखंडी तोफा होत्या, नांगर होता, चिनी मातीच्या भांड्यांचीं खापरें होतीं, मर्तबानी रांजणांचे तुकडे होते, कांचेच्या बाटल्यांचीं बुडें होतीं; आणि होते हत्तीचे सुळे व पाणघोड्याचे दांत. पाणघोडा हिंदुस्थानांत नाहीं. तेव्हां हें जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हस्तिदंत भरून गोव्यास येत होतें, आणि बंदर दृष्टीच्या टप्प्यांत आल्यावर खडकावर फुटलें, हें त्या दांतांनीं सांगितलें. तें सतराव्या शतकाच्या आरंभींचें पोर्तुगीज जहाज असावें असा निर्णय संशोधकांनीं दिला आहे. गोव्याजवळच्याच दुसऱ्या एका खडकावर कौलें, विटा आणि नक्षीचे खांबमाथे यांचा ढीग सांपडला. कौलांवर 'बासेल मिशन टाईल वर्क्स' अशीं अक्षरें! साताऱ्या-सांगलीच्या जुन्या वाड्यांवर जीं मंगळुरी कौलें आपण पाहतों, त्यांच्याच कुळांतलीं हीं. कोणाच्या तरी घरावर चढावयाचीं, तीं समुद्राच्या तळावर पसरलीं.

हें काम करतात कसें, तेंहि थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पूर्वीं तांब्याचें शिरस्त्राण आणि वरून पंपानें हवा, असा जड पोषाख असे. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कुस्तो आणि गान्यां या दोघांनीं असें साधन बनविलें, कीं पाठीवरच्या नळकांड्यांतील दाबलेली हवा पाणबुड्यास लागेल तेव्हांच आणि लागेल त्याच दाबानें तोंडांत यावी. हल्लीं ज्यास 'स्कूबा' म्हणतात ती विद्या यावरच उभी आहे. पाण्याचा दाब दर दहा मीटरला एका वातावरणाइतका वाढतो. दहा मीटर खालीं प्रत्येक श्वासास दुप्पट हवा लागते, म्हणून नळकांडें निम्म्या वेळांत संपतें. दाबाखालीं हवेंतला नत्रवायु रक्तांत मुरतो. माणूस घाईनें वर आला तर सोड्याच्या बाटलीचें झांकण उघडल्याप्रमाणें तो बुडबुड्यांनीं बाहेर पडतो, सांधे धरतात, प्रसंगीं प्राण जातो. सांगलीच्या पुरांत पुलावरून सूर मारणारे पट्टीचे पोहणारे आपण पाहिले आहेत. पण ही विद्या वेगळी आहे. तेथें छातीचें धाडस लागतें, येथें सावकाशपणा. खालीं गेलेला संशोधक दोरीचे चौकोन पाडतो, मेणकापडासारख्या पाटीवर शिसपेन्सिलीनें नकाशा काढतो, प्रत्येक वस्तु कोठें व कशी पडली तें मोजतो, आणि मगच हात लावतो. कारण एकदां वस्तु उचलली, कीं तिच्या जागेची साक्ष पुसली गेली. शिवाय दोन-अडीचशें वर्षें खाऱ्या पाण्यांत राहिलेली लोखंडी तोफ वर आणून उन्हांत ठेवली, तर कांहीं महिन्यांत तिच्या खपल्या निघूं लागतात. तिला पुन्हा पाण्यांतच ठेवून, तिच्यांत मुरलेलें मीठ हळूहळू काढावें लागतें. ह्यास वर्षें लागतात.

आतां विजयदुर्ग. किल्ल्याच्या समुद्राकडील बाजूस, पाण्याखालीं एक बांध आहे असें कोंकणांत पूर्वींपासून बोललें जाई. शत्रूचीं जहाजें त्यावर आपटून फुटत, अशी कथा. संस्थेच्या पाणबुड्यांनीं तेथें उतरून पाहिलें. सुमारें १२२ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि ७ मीटर रुंद अशी भिंत त्यांनीं मोजली. तिच्यावर जहाजें फुटल्याची कथा मात्र मी कथा म्हणूनच सांगतों. तसें म्हणावयास त्या ठिकाणीं फुटक्या जहाजांचे अवशेष हातीं लागले पाहिजेत. पण जें आरमार जळाल्याचें तारीखवार नमूद आहे, तें ह्या भिंतीपाशीं नव्हतेंच. तें होतें किल्ल्याच्या आंतल्या अंगास, वाघोटण नदीच्या मुखांत. ही नदी गगनबावड्याकडच्या सह्याद्रींत उगम पावते. डोंगराच्या अलीकडचा पाऊस कृष्णेवाटे पूर्वसमुद्रास जातो, आणि पलीकडचा घाटाची लाल माती घेऊन विजयदुर्गास उतरतो. अडीचशेंहून अधिक पावसाळ्यांचा गाळ त्या बंदरांत बसला आहे. जहाज जळतें तें पाण्याच्या रेषेपर्यंत. खालचा पेटा, तळ, वजनाला भरलेले दगड आणि आगींत कोसळलेल्या तोफा हें सारें खालीं जातें. उघड्या पाण्यांत त्या सागवानाची सुंचीसारखीच वाट लागली असती. परंतु तळाचा भाग गाळानें लवकर झांकला असेल, तर मेरी रोजच्या न्यायानें त्यांतलें कांहीं उरलें असण्याचा संभव आहे. गुराबेचा नमुना आज आपल्याजवळ कोठें आहे? विलायती चित्रकारांनीं काढलेलीं चित्रें आणि पत्रांतले उल्लेख, एवढेंच. तिच्या फळ्या एकमेकींस कशा बसवीत, खिळे लोखंडी कीं लांकडी, तळ किती उथळ, पुढच्या तोफेचा धक्का तें सखल तोंड कसें सोशी, ह्यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर बखरकारानें दिलेलें नाहीं. बखरकारास सुतारकामांत गोडी नव्हती.

पैसा असला म्हणजे माणूस समुद्रांत किती खोल जातो, ह्याचेंहि एक उदाहरण देतों, कारण त्यांत आपलें एक ओळखीचें नांव आहे. गिरसप्प्याच्या धबधब्यावरून नांव ठेवलेली 'गैरसोपा' ही ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० च्या डिसेंबरांत, ती कलकत्त्याहून चहा, कच्चें लोखंड आणि चांदी घेऊन इंग्लंडास निघाली. वादळांत कोळसा संपत आल्यामुळें ताफा सोडून ती आयर्लंडकडे वळली, आणि १९४१ च्या फेब्रुवारींत जर्मन पाणबुडीनें तिला बुडविलें. ऐंशींहून अधिक माणसें तिच्यावर होतीं, त्यांत हिंदी खलाशी पुष्कळ. एक होडी तेरा दिवस त्या थंड समुद्रांत वाहत कॉर्नवॉलच्या खडकांस लागली. तिच्यांतला आयर्स नांवाचा दुय्यम अधिकारी तेवढा जगला. बोट सुमारें ४,७०० मीटर खोल गेली. तेथें माणूस उतरणें अशक्य. २०११ सालीं एका अमेरिकन कंपनीनें ती यंत्रांनीं शोधून काढली आणि पुढील दोन वर्षांत यंत्रांच्याच हातांनीं २,७९२ चांदीच्या विटा वर काढल्या. विटांबरोबर कांहीं टपालहि वर आलें. शेंकडों पत्रें, हिंदुस्थानांतून घरीं लिहिलेलीं, गच्च दाबलेल्या थैल्यांत सत्तर वर्षें राहूनहि वाचतां येण्याजोगीं! चांदीचीं नाणीं पाडून विकलीं गेलीं. पत्रें लंडनच्या टपाल-संग्रहालयानें जपून मांडलीं. कंपनी गेली होती चांदीसाठीं. पत्रें सांपडलीं हा योग. गाळांत चांदी नसेल तेथें अशी कंपनी यावयाची नाहीं, आणि विजयदुर्गची संपत्ति तर १७५६ सालींच क्लाइव्ह-वॉटसननीं मोजून नेली आहे.

म्हणजे हें काम कोणी करावयाचें? भारताच्या पुरातत्त्व खात्यानें २००१ सालीं पाण्याखालच्या शोधासाठीं स्वतंत्र शाखा काढली. त्याच सालीं संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेनें, शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखालीं असलेल्या अवशेषांचा व्यापार करूं नये आणि शक्य तों ते जागच्या जागीं राखावे, असा करार सिद्ध केला. २०२५ च्या जुलैंत त्याच युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशांत घेतले. त्यांत विजयदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग आहे, सिंधुदुर्ग आहे. आनंद आपल्याकडेहि झाला. परंतु जलदुर्गाचा तट ज्या आरमारासाठीं उभा केला, तें आरमार तटाच्या पायथ्याशीं गाळांत आहे, आणि वारशाच्या फलकावर त्याची जागा दाखविणारें चिन्ह करण्याइतकीहि माहिती आपण गोळा केलेली नाहीं. दुसरीकडे, सातारा-सांगलीचीं कुटुंबें दिवाळीच्या नि मेच्या सुट्टींत घाट उतरून तारकर्लीस जातात, पाठीवर नळकांडें बांधून रंगीत मासे पाहून येतात. नौदलानें निवृत्त केलेली 'गुलदार' ही नौका २०२५ सालीं महाराष्ट्राच्या पर्यटन खात्याकडे देण्यांत आली, ती निवतीच्या समुद्रांत मुद्दाम बुडवून प्रेक्षकांस दाखवावी म्हणून. मला ह्या योजनेविषयीं आकस नाहीं. बुडी मारावयास शिकलेल्या शंभर मुलांत दोन जरी मोजपट्टी घेऊन उतरणारीं निघालीं तरी ती फायद्याचीच. फक्त एवढेंच, कीं बुडलेली नौका पाहावयास नवी नौका बुडवावी लागावी, असें दारिद्र्य आपल्या किनाऱ्यास नाहीं.

बंदरांतला गाळ उपसण्याचें काम कोठेंहि निघतें तेव्हां वेळ थोडा असतो. यंत्राच्या दांतास तोफ आणि दगड सारखेच. म्हणून आधीं पाहणी व्हावी. तिला फार खर्च नाहीं. पावसाळा संपून खाडी निवळली, कीं एका होडीमागें चुंबकमापक यंत्र दोरानें ओढीत, किल्ल्याच्या आंतल्या बाजूनें नदीच्या मुखापर्यंत, शेतांत तासें घालावीं तशा सरळ रेघा मारीत जावयाचें. तीन-चार हात गाळाखालीं लोखंडी तोफ असली तरी यंत्राचा कांटा हलतो. जेथें हलेल तेथें खूण करावयाची, आणि मग पाणबुड्यास खालीं पाठवावयाचें.